संगीत नाटक : वाचलेले आणि पाहिलेले ('संगीत देवबाभळी'च्या निमित्ताने)

१. प्रश्नाची मांडणी

पदव्युत्तर वर्गात संगीत नाटक शिकवले जाते ते बहुधा छापील संहितेच्या आधारे. 'सौभद्र' किंवा 'मानापमान' वर्गात वाचताना गद्य संवाद संपून पद सुरू झाले की अध्यापकापुढे अडचण उभी राहते. पद वाचून दाखवावे तर कविता म्हणून ते अनेकदा सामान्य वाटते. गाऊन दाखवावे तर ती कुवत प्रत्येकाजवळ नसते. गाळून पुढे जावे तर नाटक अपुरे राहते. या अडचणीतून आपण एक सोयीचा प्रश्न तयार केला आहे : संगीत नाटकातील पदे नाट्याला पोषक की मारक? त्याचे उत्तरही ठरलेले असते. काही पदे पोषक, काही मारक. विद्यार्थी दोन्ही बाजूंची चार-चार उदाहरणे देतो आणि उत्तीर्ण होतो.

या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे. नाटक म्हणजे गद्य संवादांतून पुढे सरकणारे कथानक, आणि पद म्हणजे त्यात बाहेरून आणून बसवलेली वस्तू, असे ते गृहीत आहे. ते मान्य केले की पदाचा विचार केवळ उपयुक्ततेच्या अंगाने होतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन वेगळे आहे. संगीत नाटकातील पद हा छापील पानावर अपुरा राहणारा आणि प्रयोगातच पूर्ण होणारा नाट्यघटक असल्याने त्याचे मूल्यमापन काव्यगुणांवरून किंवा कथानकाच्या गतीवरून करता येत नाही. रंगमंचावर कोण गाते, कोणत्या क्षणी गाते आणि ते कोण ऐकते, या तीन प्रश्नांवरूनच ते करावे लागते. याला चौथा प्रश्नही जोडता येईल : कोणाला गाता येत नाही?

हे प्रतिपादन तपासण्यासाठी जुने नाटक न घेता अलीकडचे नाटक घेतले आहे. प्राजक्त देशमुख लिखित-दिग्दर्शित 'संगीत देवबाभळी' हे नाटक २०१७ च्या अखेरीस भद्रकाली प्रॉडक्शन्सने व्यावसायिक रंगभूमीवर आणले. नव्या नाटकाची निवड करण्यास कारण आहे. जुन्या संगीत नाटकातील पदे आपल्यापर्यंत नाटकाच्या आधी पोचलेली असतात. ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी आणि मैफल यांनी ती प्रसंगापासून सोडवून स्वतंत्र केली आहेत. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसलेले पद ऐकणाऱ्याला ते नाटकात कोणाच्या तोंडी आहे हे ठाऊक असण्याची गरज उरत नाही. नव्या नाटकातले पद मात्र पहिल्या भेटीत तरी प्रसंगासकट येते, आणि त्याचे कार्य तेव्हाच नीट न्याहाळता येते.

२. 'कोण गाते?' : परंपरेतील उत्तरे

मराठी संगीत नाटकाचा इतिहास आपण नाटककारांच्या, नाटक मंडळींच्या किंवा गायक नटांच्या क्रमाने सांगतो. तोच इतिहास 'कोण गाते?' या एका प्रश्नाच्या बदलत गेलेल्या उत्तरांचा इतिहास म्हणूनही मांडता येतो.

विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील 'सीता स्वयंवरा'त गाणारा मुख्यत्वे सूत्रधार होता. आख्यान तो पद्यातून सांगे आणि पात्रे त्या अनुरोधाने आयत्या वेळी भाषणे करीत. गाणे निवेदकाकडे आणि बोलणे पात्राकडे अशी ही वाटणी होती. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'शाकुंतला'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. त्याचे ऐतिहासिक महत्त्व सांगताना आपण साकी, दिंडी, कामदा अशा जातिवृत्तांची नावे देतो. पण खरा बदल गाण्याच्या मालकीचा होता. गाणे पात्राच्या तोंडी आले. शकुंतलेचे दुःख सूत्रधाराने सांगण्याचे कारण उरले नाही. १८८२ च्या 'सौभद्रा'त तर रुसणे, समजूत घालणे, बेत सांगणे हे सारे व्यवहार पदांतून चालतात. ही पदे आटोपशीर असून गद्याच्या ओघातच म्हटली जातात.

१९११ च्या 'मानापमाना'पासून पात्राइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, गाणारा नट ऐकू येऊ लागला. गोविंदराव टेंबे यांच्या चाली आणि बालगंधर्वांचा गळा यांनी भामिनीला जे रूप दिले त्यात प्रेक्षक 'वन्समोअर' देत होता तो भामिनीला नव्हे. १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखले यांच्या मार्गदर्शनामुळे रागदारीचा ठसा अधिक खोल उमटला. नाट्यसंगीत या स्वतंत्र गायनप्रकाराची पायाभरणी या काळात झाली. पण पद हे पात्राचे की नटाचे, हा प्रश्नही याच काळात उभा राहिला. त्याला पहिले ठळक उत्तर १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'ने दिले. पदे मोजकी ठेवली गेली आणि केशवराव भोळे यांच्या संगीतात भावगीताचा साधेपणा आला. याच नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे रंगमंचावर गायल्या. स्त्रीपात्राचे गाणे पुरुष नटाच्या गळ्यातून ऐकण्याची सवय झालेल्या रंगभूमीवर हा बदल साधा नव्हता.

पुढचे वळण जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीताचे. १९६४ च्या 'मत्स्यगंधा'त त्यांनी पदाचा विस्तार आटोक्यात आणला. पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये गाणे हाच नाटकाचा विषय झाला. पंडितजी आणि खाँसाहेब यांच्या दोन गायकींचा संघर्ष दाखवताना एकच पद दोन वेगळ्या चालींत येते. छापील पुस्तकात ते शब्द दोनदा वाचून काहीही हाती लागत नाही; ऐकताना मात्र दोन माणसे, दोन घराणी आणि दोन जीवनदृष्टी समोर उभ्या राहतात. संहिता आणि प्रयोग यांतील अंतराचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

यानंतर 'घाशीराम कोतवाल' (१९७२) आणि 'महानिर्वाण' (१९७४) यांनी गाणे एका पात्राकडून काढून घेतले. 'घाशीराम'मध्ये ते माणसांच्या रांगेकडे, म्हणजे समूहाकडे गेले. 'महानिर्वाणा'त मृत भाऊरावच आपल्या मरणाचे कीर्तन करू लागला. शीर्षकामागे 'संगीत' हे बिरूद नसलेल्या या नाटकांनी संगीत नाटकाचा विचार पुढे नेला, असे आता म्हणता येते.

हा धावता आढावा एवढ्यासाठीच घेतला की 'नवे संगीत नाटक' म्हणजे नव्या चाली किंवा नवे वाद्यमेळ नव्हे, हे ध्यानात यावे. गाण्याचा अधिकार ज्या नाटकात नव्या ठिकाणी जातो ते नाटक नवे होय. 'देवबाभळी'कडे या दृष्टीने पाहावयाचे आहे.

३. आख्यायिका आणि तिची पुनर्रचना

तुकोबांच्या चरित्रपरंपरेतील एक आख्यायिका सर्वांच्या परिचयाची आहे. तुकोबांची पत्नी जिजाई, म्हणजेच आवली, भंडारा डोंगरावर त्यांना भाकरी घेऊन जात असता तिच्या पायात काटा रुततो आणि स्वतः विठ्ठल येऊन तो काढतो. कीर्तनात ही कथा देवाच्या भक्तवात्सल्याचे उदाहरण म्हणून येते आणि काटा निघाला की संपते. 'देवबाभळी'चा आरंभ, नाट्यदृष्ट्या पाहता, तेथून होतो. काटा निघाला तरी जखम उरते. आवली गरोदर आहे, घर चालवायचे आहे आणि पाय टेकवत नाही. तिच्या शुश्रूषेसाठी रखुमाई 'लखुबाई' हे नाव घेऊन देहूला तिच्या घरी येऊन राहते.

या नावाला परंपरेचा आधार आहे. राधेवरून रुसून रुक्मिणी द्वारकेहून निघून आली आणि दिंडीरवनात बसली, तिला शोधत देव पंढरीस आला, ही कथा प्रसिद्ध आहे. पंढरपुरातील लखुबाईचे स्थान याच कथेशी जोडले जाते. म्हणजे लखुबाई हे रखुमाईचे केवळ टोपणनाव नसून तिच्या रुसव्याचे नाव आहे. नवऱ्यापासून वेगळी राहणारी देवी, आणि नवरा घरात असून नसल्यासारखा असलेली मानवी स्त्री, अशा दोघींना नाटककाराने एका चुलीपाशी आणले आहे. या दोघींखेरीज तिसरे पात्र नाटकात नाही. विठ्ठल आणि तुकोबा यांच्याविषयी सारे बोलणे चालते, पण दोघांपैकी कोणीही रंगमंचावर येत नाही. शुभांगी सदावर्ते यांनी आवलीची आणि मानसी जोशी यांनी लखुबाईची भूमिका केली. संगीत आनंद ओक यांचे आणि नेपथ्य प्रदीप मुळ्ये यांचे होते.

शीर्षकातील शब्दही पाहण्यासारखा आहे. बाभळ हे काट्याचे झाड. त्याला 'देव' हे उपपद लागले की देव आणि काटा एकाच शब्दात नांदू लागतात. आवलीची तक्रार नेमकी हीच आहे. तिच्या लेखी काटा काढणारा देव आणि संसारात रुतलेला काटा हे दोन नाहीत.

४. नाममुद्रा आणि पद

आता 'कोण गाते?' हा प्रश्न विचारू. त्यासाठी आवलीचे परंपरेतील स्थान आधी पाहिले पाहिजे. कीर्तनांतून, चरित्रांतून आणि १९३६ च्या प्रभातच्या 'संत तुकाराम' या चित्रपटातून आवली आपल्या परिचयाची झाली ती फटकळ, कष्टाळू, विठोबाला शिव्या घालणारी बायको म्हणून. गाथेच्या प्रतींमध्येही पत्नीने केलेल्या कठोर उत्तरांचे अभंग वेगळे काढून दिलेले आढळतात. मात्र ते बोल आपल्यापर्यंत पोचतात ते तुकोबांच्या रचनेतून. आवलीच्या रागावरही शेवटी 'तुका म्हणे' हीच मुद्रा उमटलेली असते.

अभंगाच्या परंपरेत नाममुद्रेला किती महत्त्व आहे हे वेगळे सांगावयास नको. स्त्रियांनाही ती मिळाली. जनाबाईला मिळाली, तुकोबांना गुरू मानणाऱ्या बहिणाबाईंना मिळाली. पण या दोघी भक्त होत्या. भक्तीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या, किंवा भक्तीची किंमत घरात मोजणाऱ्या स्त्रीला नाममुद्रा मिळण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती. १६२९-३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. तिच्या नावाचाही उच्चार आपण चरित्रातील एक तपशील म्हणूनच करतो. त्या मरणानंतरचा संसार आवलीने चालवला. भुकेचा अनुभव असलेल्या घरात देवासाठी वेळ काढणे म्हणजे काय, हे तिच्या बाजूने सांगणारा अभंग असू शकत नाही, कारण सांगण्याचे साधनच तिच्या हाती नाही.

संगीत नाटक ते साधन पुरवू शकते, आणि 'देवबाभळी'ने ते पुरवले, हे या नाटकाचे खरे नवेपण आहे. १८८० मध्ये पात्राला गाणे मिळाले तेव्हा राजाराणी, ऋषिकन्या आणि देव यांना ते मिळाले. 'सौभद्रा'तही रुक्मिणी आहे. ती प्रासादात वावरते, आणि तिच्या प्रवेशातील गाजलेले पद कृष्णाच्या तोंडी आहे. 'देवबाभळी'तील रखुमाईचा देव रंगमंचावर येतच नाही, म्हणून तिच्या बाजूचे बोलणे तिला स्वतःच करावे लागते. अनुपस्थित पुरुषांच्या जागी नाटककाराने निवेदक आणला असता किंवा सूत्रधार योजला असता, तर गाणे पुन्हा त्यांच्याकडे गेले असते. दोन पात्रांची ही काटेकोर मर्यादा केवळ प्रयोगाच्या सोयीची नसून आशयाची गरज आहे.

येथे एक आक्षेप रास्त ठरेल. या स्त्रियांची पदेही पुरुष नाटककारानेच लिहिलेली आहेत. मग नाममुद्रा बदलली ती कोठे? छापील पुस्तकापुरता हा आक्षेप टिकतो. प्रयोगात मात्र पद उच्चारणारा श्वास, थांबणारा आवाज आणि शब्दावरचा भार हे अभिनेत्रीचे असतात. बालगंधर्वांच्या काळात स्त्रीपात्राचे पद पुरुषाच्या गळ्यातून आले, आणि ते कितीही श्रेष्ठ असले तरी त्या गाण्यातील स्त्री ही पुरुषाने कल्पिलेली होती. येथे कल्पना नाटककाराची असली तरी आवाज स्त्रीचा आहे. या दोहोंतील ताण संहितेवरून दिसत नाही, तो पाहावा आणि ऐकावा लागतो.

५. 'कोणत्या क्षणी?' आणि 'कोण ऐकते?'

पदाचे कार्य ओळखण्यासाठी वर्गात एक साधी कसोटी वापरता येते. पद काढून टाकावे आणि काय हरवले ते पाहावे. 'सौभद्रा'तील पदे काढली तर माहिती आणि संवादाचे दुवे तुटतात. 'मानापमाना'तील निम्मी पदे काढली तरी कथानक उभे राहते. हरवते ते वैभव. 'कट्यारी'तील गाणे काढले तर नाटकच उरत नाही. 'देवबाभळी'ला ही कसोटी लावली तर वेगळेच उत्तर मिळते. येथे कथानक मुळातच अल्प आहे. एक जखम भरून येते, दोन स्त्रिया एकमेकींना ओळखू लागतात, एवढेच घडते. पदे काढली तरी ही घटना सांगता येईल. पण जखम भरून येण्यास लागणारा काळ हरवेल. घरकामाचा काळ पुनरावृत्तीचा असतो. रोज तीच चूल, तेच पाणी, तोच केर. गद्य संवादांतून ही पुनरावृत्ती दाखवली तर नाटक रेंगाळते. गाण्यातील ध्रुपद मात्र परत येण्यासाठीच असते, आणि परत येताना ते किंचित बदललेले असते. जात्यावरच्या ओवीचा आपला पूर्वापार अनुभव हाच आहे : काम तेच, ओवी पुढची. म्हणून या नाटकातील पदाचे पहिले कार्य काळ निर्माण करणे हे आहे, असे म्हणावेसे वाटते.

दुसरा मुद्दा श्रोत्याचा. पारंपरिक पदाचे बरेचसे बोल प्रेक्षकाकडे वळलेले असतात. सहपात्र तेवढा वेळ ताटकळत उभे राहते. त्या ताटकळण्यावर पूर्वी पुष्कळ विनोद झाले आहेत. 'देवबाभळी'त ऐकणारी व्यक्ती नाट्याच्या केंद्रस्थानी आहे. आवली विठ्ठलाविषयी जे काही बोलते ते त्याच्या पत्नीसमोर बोलते, आणि हे तिला ठाऊक नसते. प्रेक्षकाला ठाऊक असते. त्यामुळे आवलीच्या प्रत्येक दूषणाचे दोन अर्थ होतात. ते देवाविषयी असते आणि ऐकणाऱ्या स्त्रीच्या नवऱ्याविषयीही असते. लखुबाईला नवऱ्याची बाजू घ्यावीशी वाटते, आणि तिची स्वतःची तक्रारही त्याच्याविरुद्ध आहे. म्हणून येथे पाहण्याजोगे पात्र अनेकदा बोलणारे नसून ऐकणारे असते. नाट्यपुस्तकात ऐकणाऱ्याला ओळ नसते. वाचकाच्या दृष्टीने त्या वेळी लखुबाई पानावर नसतेच; प्रेक्षकासमोर मात्र ती पूर्ण वेळ असते.

६. प्रयोग, प्रेक्षक आणि मर्यादा

विभागातील विद्यार्थ्यांसमवेत हे नाटक जिल्ह्याच्या ठिकाणी पाहताना याच मुद्द्याचा आणखी एक पदर लक्षात आला. अशा नाट्यगृहात पंचक्रोशीतून आलेला, वारीशी घरचे नाते असलेला प्रेक्षक मोठ्या संख्येने असतो. आवली विठोबाला फैलावर घेते तेव्हा सर्वांत मोकळे हसू प्रौढ स्त्रियांकडून येत होते. त्या हसण्यात देवाचा अवमान नव्हता, ओळखीचा आनंद होता. पुढे तेच बोल वेगळ्या प्रसंगी येऊ लागले तसे हसू ओसरले आणि नाट्यगृह शांत झाले. देवाशी भांडण्याची मुभा वारकरी परंपरेने पूर्वीच दिलेली आहे; नामदेव-जनाबाईंची सलगी आपण जाणतोच. नाटक तीच मुभा वापरते आणि तिच्या आड आजवर न उच्चारलेली तक्रार ठेवते. श्रोता अभंगाशी परिचित असणे ही या परिणामाची पूर्वअट आहे. हा परिचय नसलेल्या शहरी विद्यार्थ्याला हे नाटक आवडले तरी त्याचा अर्धा अर्थ त्याच्यापर्यंत पोचणार नाही, हे अध्यापकाने ध्यानात घ्यावे.

याच बलस्थानातून नाटकाच्या मर्यादाही निर्माण होतात. पहिली मर्यादा अशी की विठ्ठलाचे नाव आणि अभंगाचा घाट यांच्यासोबत प्रेक्षकाच्या मनातील भाव आयताच येतो. नाटकाने निर्माण केलेली भावना कोणती आणि प्रेक्षकाने घरून आणलेली कोणती, हे वेगळे करणे काही जागी अवघड होते. काटा देवानेच काढला, ही आख्यायिका नाटकाने प्रश्न न विचारता स्वीकारली आहे. त्यामुळे आवलीचे भांडण कितीही तीव्र झाले तरी देवाने आपली बाजू आधीच राखलेली असते. भक्तीच्या चौकटीतील बंडाला ही चौकट किती ताणता येते, या प्रश्नाच्या कडेपर्यंत नाटक जाते. ओलांडून जात नाही. तसे जावे अशी अपेक्षा करणे योग्य की अयोग्य, यावर मतभेद संभवतो. पण या मर्यादेची नोंद न करता केवळ गौरव करणे हे समीक्षेचे काम नव्हे.

दुसरी मर्यादा भाषेची. आवलीची बोली आणि लखुबाईचे मार्दव यांत आरंभी स्पष्ट दिसणारा भेद पुढे काही संवादांत पुसट होतो. दोघीही सुभाषितवजा वाक्ये बोलू लागतात, आणि अशा वाक्यांना टाळ्या मिळतात. टाळी मिळाली की प्रसंग क्षणभर थांबतो. एके काळी 'वन्समोअर'ने जे पदाचे केले तेच येथे संवादाचे होते. पद प्रसंगात मुरलेले असताना गद्य संवादच प्रसंगाबाहेर उठून दिसावा, ही गोष्ट आपल्या जुन्या प्रश्नाला उलटे करणारी आहे. नाट्याला मारक काय ठरले, पद की गद्य?

७. अध्यापनाच्या दृष्टीने

या नाटकाच्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा २०२० चा युवा पुरस्कार मिळाला. म्हणजे साहित्यकृती म्हणून त्याला मान्यता लाभली आणि अभ्यासक्रमात ते येण्याची शक्यताही वाढली. नेमक्या याच कारणाने सावध राहणे आवश्यक आहे. पुस्तक हाती आले की आपण ते पुस्तकासारखे शिकवू लागतो : कथानक, पात्रचित्रण, संघर्ष, भाषाशैली आणि अखेरीस 'पदांचे स्थान'. शंभर वर्षांच्या संगीत नाटकावर आपण जो अन्याय केला तो नव्या नाटकावरही होईल. यासाठी पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

प्रयोग पाहण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी संहितेतील प्रत्येक पदापाशी तीन नोंदी कराव्यात : गाणारे पात्र त्या वेळी कोणते काम करीत आहे, रंगमंचावर दुसरे कोण आहे, आणि त्या दुसऱ्याला काय ठाऊक आहे जे गाणाऱ्याला ठाऊक नाही. यांतील पुष्कळ उत्तरे छापील रंगसूचनांत मिळणार नाहीत. ती रिकामी जागा तशीच सोडावी. त्यानंतर प्रयोग पाहावा आणि या रिकाम्या जागा भराव्यात. शक्य असल्यास त्याच नाटकाचा प्रयोग दुसऱ्या ठिकाणी पाहिलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदी ताडून पाहाव्यात, म्हणजे प्रयोगागणिक काय बदलते आणि काय कायम राहते याची जाण येईल. प्रयोग पाहणे अशक्य असेल तर चित्रफितीचा आधार घ्यावा. पण सुट्या पदांच्या चित्रफितींनी भागवू नये. सुटे पद म्हणजे पुन्हा जुनी ध्वनिमुद्रिकाच. ते गाण्याची गोडी देते, नाटकाचे ज्ञान देत नाही.

यानंतर गाळण्याची कसोटी लावून पदाचे कार्य ठरवावे. माहिती देणे, नाते बदलणे, काळ निर्माण करणे, पात्राला सामाजिक व्यवहारात नसलेला आवाज देणे अशी ही कार्ये निरनिराळी असतात आणि एकाच पदात एकाहून अधिक असू शकतात. 'पोषक की मारक' या जोडीत ती बसत नाहीत. प्रश्नपत्रिकेतही 'अमुक नाटकात कोणत्या पात्राला पदे नाहीत आणि का?' असा प्रश्न घालून पाहावा. 'एकच प्याला' शिकवतानाही तो विचारण्यासारखा आहे. सिंधूला गाणे आहे; गाणे नसलेल्या पात्रांची यादी विद्यार्थ्याने स्वतः करावी आणि त्या मौनामागे नटाची मर्यादा आहे की नाटककाराची योजना, हे ठरवावे.

८. समारोप

संगीत नाटकाचा ऱ्हास झाला, ते लोपले, ते पुन्हा आले, अशी चर्चा दर दोन-तीन दशकांनी होते. या चर्चेत संगीत नाटक म्हणजे ठरावीक गायकीचा आणि ठरावीक संख्येच्या पदांचा एक प्रकार मानला जातो. गाण्याचा अधिकार कोणाकडे आहे या अंगाने पाहिले तर भाव्यांच्या सूत्रधारापासून आवलीपर्यंतची रेषा खंडित झालेली दिसत नाही. तिचे टोक मात्र सरकत गेले आहे. सूत्रधाराकडून नायिकेकडे, नायिकेकडून गायक नटाकडे, तेथून समूहाकडे आणि आता, निदान या एका नाटकात, ज्या स्त्रीच्या वाट्याला नाममुद्रा आली नाही तिच्याकडे. हे टोक पुढे कोठे जाईल हे नवे नाटककार ठरवतील. ते ओळखण्याची तयारी विद्यार्थ्यांत निर्माण करणे हे विभागाचे काम आहे, आणि त्यासाठी संगीत नाटकाचे पुस्तक मिटून प्रेक्षागृहात जाण्याला अभ्यासक्रमात अधिकृत जागा असली पाहिजे.